वही मिटू नकोस

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

प्रकाशकाने संग्रह परत केल्यापासून तू कवितेची वही मिटून ठेवली आहेस आणि पोटासाठी आलेले अनुवाद तेवढे करते आहेस, हे वाचून जिवाला लागले. वर तू रशियन कवी आर्सेनी तार्कोव्स्कीची साक्ष काढली आहेस. उमेदीची वर्षे परक्या शब्दांसाठी का विकली, असे तो ‘अनुवादक’ या कवितेत स्वतःला विचारतो आणि पौर्वात्य अनुवादांनी डोके दुखते, अशी तक्रार करतो. साक्ष खरी आहे, पण ती तुझ्याच विरुद्ध जाते. ही तक्रार त्याने स्वतःच्या कवितेत केली. म्हणजे त्याची वही उघडी होती.

1943 च्या अखेरीस युद्धात जखमी होऊन, गँगरीनमुळे पाय गमावून परतलेल्या या माणसाचा पहिला संग्रह 1946 मध्ये छपाईपर्यंत पोचला होता. त्याच ऑगस्टमध्ये ‘झ्वेज्दा’ आणि ‘लेनिनग्राद’ या मासिकांवर, कवयित्री अख्मातोवा आणि विनोदी लेखक झोश्चेन्को यांच्यावर कम्युनिस्ट पक्षाचा निषेधाचा ठराव आला आणि तार्कोव्स्कीचे पुस्तक थांबले. पुढे घर चालवले ते अनुवादांनी: अरबी कवी अल-मआरी, तुर्कमेन कवी मखतुमकुली आणि केमिने. सोव्हिएत रिवाजाप्रमाणे समोर शब्दशः उतरवलेला रुक्ष मसुदा यायचा आणि त्यातून छंद, यमक, श्वास पुन्हा उभा करायचा. 1949 मध्ये तर स्तालिनच्या तरुणपणीच्या कविता रशियनमध्ये आणण्याचे काम त्याच्यावर सोपवले गेले आणि मग ते परस्पर रद्दही झाले. ही सारी वर्षे तो स्वतःसाठी लिहीत होता. ‘हिमापूर्वी’ हा पहिला संग्रह 1962 मध्ये निघाला, तेव्हा त्याचे वय पंचावन्न होते. मुलगा आंद्रेई याच्या ‘आरसा’ या चित्रपटात त्याच्याच आवाजात जी ‘पहिल्या भेटी’ ऐकू येते, तीही त्याच सुमाराची कविता आहे.

तुला एक नकार आला आहे, एवढेच. छापणे दुसऱ्यांच्या हाती असते, लिहिणे आपल्या. या दोहोंची गाठ तू का मारतेस, हे मला खरोखर कळत नाही. वही मिटू नकोस.

मीही अनुवादावर संसार केला. स्वतःचे संग्रह दोनच झाले, याची रुखरुख आहे आणि ती जाणार नाही. तरी अनुवादाने कवी संपतो असे म्हणणाऱ्याशी मी आजही भांडेन. दुसऱ्याची ओळ मात्रेत बसवता बसवता जो हात तयार झाला, त्याच हाताने माझ्या बऱ्या कविता लिहिल्या. वेळ खाल्ला तो अनुवादाने, हे मान्य. पण वेळ मिळत नाही हे वही मिटण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि तुझ्या वयात तर नाहीच.

नव्या कादंबरीच्या करारावर सही अवश्य कर, फक्त मुदत दोन महिने वाढवून माग. मागितल्याशिवाय कोणी देत नाही. त्या वाढीव दिवसांत सकाळी आधी तुझी कविता, मग त्यांची पाने.