लाल कोळी ओळखताना रंगावर जाऊ नका

टेट्रानिकिडी कुळात, म्हणजे पानांतला रस शोषणाऱ्या बारीक कोळ्यांच्या (माइट्सच्या) कुळात, नव्याने शिरताय, तर आधी रंग विसरा. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कोख यांनी 1836 मध्ये वर्णन केलेला दोन ठिपक्यांचा कोळी, टेट्रानिकस अर्टिकी, हिरवटही असतो आणि लालही; त्या लाल रूपाला बरीच वर्षं वेगळी जात मानत होते. उपकुळं दोनच. पायाच्या टोकाला, नख्यांच्या मधे असलेल्या एम्पोडियमवर चिकट टोकाचे केस दिसले तर ब्रायोबिइनी, नसले तर टेट्रानिकिनी. इथवर सोपं. जातीपर्यंत जायचं तर बहुतेकदा नरच हवा, तोही सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर कुशीवर निजवलेला, कारण खरी खूण त्याच्या जननांगाच्या बाजूने दिसणाऱ्या आकारात. उताणा बसला की मेहनत पाण्यात! म्हणून एकाच पानावरचे चार-पाच नर गोळा करा. नुसत्या माद्यांवरून नाव ठोकू नका.