आत्महत्या, युद्ध, अत्याचार हे व्हिडिओ गेमचे विषय असावेत का? खेळ करमणुकीसाठीच असतो ना?

असावेत. आणि तुमच्या प्रश्नातला तो 'ना?' मी एकदा समोरासमोर ऐकलाय, म्हणून एवढं लिहितोय.

२०१४. विदर्भातलं एक कॉलेज, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टसाठी मी जावामध्ये गेम लिहीत होतो. त्यात तुम्ही शेतकरी: पाच एकर कोरडवाहू, कापूस. ९३० रुपयांना बीटी बियाण्याचं ४५० ग्रॅमचं एक पाकीट. पावसानं दडी मारली की दुबार पेरणी. पीककर्ज आधीच थकलेलं, म्हणून सावकार. वेचणीला माणसं मिळत नाहीत. आणि सगळं पार पडलं की भाव. हमीभाव क्विंटलला ४००० च्या आसपास. आकडे कुठून शोधावे लागले नाहीत, बाबांची उधारीची वही समोर होती.

गाइड सरांनी लॅबमध्ये उभ्या उभ्या दोन डाव खेळले. दोन्ही हरले.

"यात जिंकायचं कसं?"

"पाऊस बरा झाला तर बरोबरीत सुटतं, सर."

"मग हा गेम कसला?" तेवढ्यात शेवटची स्क्रीन आली आणि सरांचा आवाज चढला. "आत्महत्येचा खेळ मांडतोस? माणसं मरतायत बाहेर!"

माणसं मरतायत म्हणूनच केलाय, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही. इंटर्नलचे मार्क त्यांच्या हातात होते. "एक्स्टर्नलपुढे काय तोंड दाखवू मी?" म्हणत ते निघून गेले. मग सीनियरच्या पेन ड्राइव्हमधून 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' घेतली, लॉगिन पेजचा निळा रंग हिरवा केला आणि सबमिट केली. मार्क उत्तम पडले.

माझ्या मते गोची 'खेळ' या शब्दात आहे. खेळ म्हटलं की आपल्याला लहान मुलं आणि टाइमपास आठवतो. पण नाटकाचाही खेळच लागतो आणि सिनेमाचाही तीनचा खेळ असतो. तिथं कुणी मेलं, लुटलं गेलं, तर लोक नाक पुसत बाहेर येतात आणि 'काय ताकदीचं काम होतं' म्हणतात. हातात माउस आला की मात्र विषय पवित्र होतो!

'धिस वॉर ऑफ माइन' नावाचा पोलिश गेम आहे, त्याच २०१४ चा. बोस्नियातल्या सारायेवो शहराला १९९२ ते ९६ जो वेढा पडला होता, त्यावरून सुचलेला. यात तुम्ही सैनिक नसता. पडक्या घरात तग धरून राहिलेली साधी माणसं असता. रात्री एकानं बाहेर जाऊन खायला-प्यायला, औषधपाणी आणायचं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. म्हातारा हात जोडल्यासारखा बोलतो, बायको आजारी आहे, नका नेऊ. अडवणारं कुणी नसतं. मी नेलं. घरी आल्यावर माझाच माणूस खचून बसला. हेच पडद्यावर पाहिलं असतं तर मी हळहळून चहा ठेवायला उठलो असतो. इथं ते औषध मीच क्लिक करून पिशवीत भरलं होतं. हे गेमलाच जमतं, आणि म्हणूनच अवघड विषय गेममध्ये यायला हवेत. 'पेपर्स, प्लीज' या गेममध्ये (२०१३) सीमेवर कागदपत्रं तपासणाऱ्या कारकुनाचं काम आहे, बस्स. नियमावर बोट ठेवून एखाद्या बाईला परत पाठवता, कारण तुमच्याही घरी भाडं आणि औषध थकलेलं असतं.

२०२० मध्ये पोलंड सरकारनं 'धिस वॉर ऑफ माइन' शाळांच्या शिफारस यादीत घेतला. ती बातमी मी सरांना व्हॉट्सॲपवर पाठवली. सहा वर्षं उलटल्यावर, हो. निळ्या टिका आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबाच्या फुलाचं सुप्रभात आलं.

आता विषय कोणते असावेत, हा भाग. विषय कुठलाही चालेल, पण मांडणीत कीव किंवा सवंगपणा नको. 'कॉल ऑफ ड्यूटी' या युद्धाच्या गेम-मालिकेच्या २००९ च्या भागात विमानतळावर निरपराध लोकांवर गोळ्या झाडायचा एक प्रसंग आहे, नको असेल तर वगळताही येतो. माझ्या मते ती निव्वळ खळबळ. आणि वय बघा, हे राहिलंच. तो पोलिश गेमही १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, शाळेच्या यादीतसुद्धा तीच अट. सातवीतल्या पोराला देऊन मग मला शिव्या घालू नका.

अजून एक. सर अगदीच चुकले होते असं नाही. त्याच संध्याकाळी सहानुभूती मिळेल म्हणून मी रूममेटला गेम दाखवला. तो यवतमाळकडचा. शेवटी काळ्या स्क्रीनवर लाल अक्षरांत 'गेम ओव्हर' यायचं आणि मोबाइलमधून उचललेला एक 'टुंग' वाजायचा. त्याच्या काकांचं मला माहीत नव्हतं.

"गेम ओव्हर काय बे?" तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी बँकेचा माणूस आला होता आमच्या घरी."

आणि बाहेर गेला. रात्री आला तेव्हा मी ती स्क्रीन काढून टाकली होती. तिच्या जागी काय, ते त्यानंच सांगितलं: पुढचा डाव बायकोचा. सातबारा कुणाच्या नावावर, थकबाकीचा दाखला, तहसीलच्या चकरा, आणि एक लाखाच्या सरकारी मदतीसाठी नवरा 'पात्र' की 'अपात्र'. मी दाखल्यांचा क्रम चुकवला होता. "पंचनामा आधी," म्हणत त्यानं माझ्याच रफ वहीत सगळा क्रम लिहून दिला. तो भाग अर्धाच राहिला. आठवड्यात लायब्ररीचं सबमिशन होतं.