लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांच्या अणकुचीदार आधारांमध्ये, लावलेलं लांब लाकूड मध्येच घसरतं. टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाकडून दाब देणारा आधार) आणखी आवळू की चक (लाकूड जबड्यात धरणारी पकड) घेऊ?

दोन्ही नको. आधी ड्राइव्ह सेंटर, म्हणजे लाकडात रुतून त्याला फिरवणारं दातेरी सेंटर, काढून उजेडात धरा आणि मधलं टोक दातांच्या किती पुढे आलंय ते बघा. "आणखी आवळ" असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ऐकू नका. त्याच शब्दापायी माझं एक चांगलं लाकूड वाया गेलं आणि त्यावरून थोरल्या भावाशी झालेला वाद आजतागायत मिटलेला नाही.

आम्ही दोघं टेबलाचे चार पाय कातत होतो. लाकूड ३ इंची चौकोनी, २८ इंच लांब, मध्ये दीड इंचापर्यंत बारीक करायचं. दोन पाय छान झाले. मग दात बोथट वाटले म्हणून दादाने चारही दातांना कानस मारली. तिसरा पाय लावला, गाऊज (कातायची पन्हळी पटाशी) टेकवली, तर सेंटर फिरतंय आणि लाकूड जागच्या जागी. जळका वास सुटला. दादा म्हणाला, "आवळ." आवळलं. दोन मिनिटं चाललं, पुन्हा घसरलं. "अजून आवळ." टेलस्टॉकचं चाक हलेना इतकं आवळलं. घसरणं थांबलं, पण मधला भाग बारीक होत गेला तसा पाय थरथरायला लागला आणि अंगावर मळसूत्रासारख्या रेघा उमटल्या. लांब लाकूड दोन्ही टोकांनी दाबलं की मध्ये धनुष्यासारखं वाकतंच. लांबी जाडीच्या दहापटीपुढे गेली की दाबाला फार जपावं लागतं. त्याच वेळी मशीन बंद करायला हवं होतं, मी केलं नाही. तोंडाकडून चीर गेली, पाय सुटला आणि थेट माझ्या फेस शील्डवर आदळला. डोळा वाचला तो त्या शील्डमुळे.

संध्याकाळी ते लाकूड उचलून तोंडाकडून नीट पाहिलं. मध्ये खोल निमुळता खड्डा, आतून काळा पडलेला. भोवती चार दातांच्या खाचा असायला हव्यात, तिथे नुसतं गोल घासलेलं कडं. म्हणजे टोक खड्ड्याच्या तळाला टेकत होतं आणि दात वरवर फिरत होते. कानशीने दात आखूड झाले, टोक मात्र होतं तेवढंच राहिलं. पट्टीने मोजलं तर ५ मिलिमीटर पुढे! ते घासून दोनवर आणलं आणि चौथा पाय निम्म्या दाबावर एकदाही न घसरता पुरा केला. दादा म्हणतो, चौथं लाकूडच चांगलं होतं. चारही पाय एकाच ओंडक्यातून चिरलेले होते.

लाकूड सेंटरवर बसवायचं ते बाकावर, मशीनवर नाही. कर्ण काढून मध्य धरा, लाकूड कठीण असेल तर कर्णांवर करवतीने दोनेक मिलिमीटरच्या खाचा पाडा आणि लाकडी हातोड्याने सेंटर ठोका. स्पिंडलमध्ये (मशीनच्या फिरत्या दांड्यात) असताना ठोकलंत तर मार बेअरिंगला बसतो. मग टेलस्टॉकचं सेंटर रुतेपर्यंत चाक फिरवा, किंचित मागे घ्या, लॉक करा. पाच मिनिटांनी मशीन थांबवून पुन्हा बघा, कारण लाकूड दबतं आणि पकड सैल होते. एवढ्यापुरतं दादाचं बरोबर आहे: अगदी सैल ठेवलं तर सुरेख दातही घसरतील.

चकचं म्हणाल तर, एका टोकाकडून पोखरायची वस्तू असेल तर चक लागतोच, कारण टेलस्टॉक बाजूला घ्यावा लागतो. टेबलाच्या पायाला माझ्या मते तो नकोच. जबड्यात लाकूड जरा तिरकं बसलं की दुसरं सेंटर त्याला ओढून सरळ करू बघतं आणि लाकूड पुन्हा वाकतं.

आणि हो, टोक बरोबर असूनही घसरत असेल तर सेंटर आणि स्पिंडल दोन्हींवरून पेन्सिलची एक सरळ रेघ मारा. थोडं काम केल्यावर रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर राहिले नाहीत, तर लाकूड नाही, सेंटरच स्पिंडलमध्ये फिरतंय. मोर्स टेपरमध्ये, म्हणजे सेंटर स्पिंडलमध्ये बसतं त्या निमुळत्या जागेत, भुसा किंवा तेल गेलं असेल. आतून-बाहेरून कोरड्या कापडाने पुसा आणि पुन्हा लावून बघा.