ग्रुपवर बावीस जण, बांधावर कोणीच नाही

प्रश्न: ताई नमस्कार, मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. शहापूर तालुक्यात दीड एकर भातशेती आहे, शनिवार-रविवारी जाऊन बघतो. शेजारी सगळे एक-दोन एकरवाले, जो तो आपापलं करतो, म्हणून २२ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, चारसूत्री लागवडीचे (ठरलेल्या अंतरावर लावणी, खताची गोळी वगैरे चार सूत्रांची भाताची पद्धत) व्हिडिओ टाकले. आता तिथे नुसतं गुड मॉर्निंग चालू असतं. काय चुकलं?

उत्तर: दादा, तुम्ही ठाण्यात बसून शिकवायला गेलात तिथेच गडबड झाली. लोक व्हिडिओ बघत नाहीत, तुमच्या खाचरात, म्हणजे भाताच्या तुकड्यात, काय उभंय ते बघतात, आणि खरं सांगू, वीकेंडवाल्याचं भात आधी जरा हसतच बघतात.

राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, बी टाकायच्या आधी एका रविवारी अंगणात टब ठेवा, १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा आणि चार जणांना पसाभर बियाणं घेऊन चहाला बोलवा, बस. भात ओतून ढवळलं की पोचट दाणे वर येतात ते काढायचे, तळाचे साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवून सावलीत सुकवायचे. आमच्याकडे पहिल्यांदा केलं तेव्हा शेजारच्या आजोबांचं घरचं बी जवळपास सगळं तळाला बसलं आणि माझ्या दुकानातल्या पिशवीतलं मूठमूठ वर तरंगायला लागलं, मी आपली गप्प! तेव्हापासून बियाण्याचं सगळे त्यांनाच विचारतात.

असं चांगलं घरचं बी कोणाकडे असेल तर मागून घ्या. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, देवाणघेवाणीचा हक्क दिलाय, संरक्षित वाण ब्रँड लावून विकायचं नाही एवढंच.

चारसूत्री एकाच खाचरात करा, बाकी नेहमीसारखं राहू दे, म्हणजे फरक बांधावरूनच दिसेल. दोरीवर २५ आणि १५ सेंटिमीटरच्या आळीपाळीने खुणा करायच्या, चार चुडांच्या (चूड म्हणजे एका जागी लावलेली दोन-तीन रोपं) १५ सेंटिमीटरच्या लहान चौकोनात मधोमध युरिया-डीएपी खताची एक गोळी चिखलात दाबायची. पण लावणीला सावड धरा, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबायचं, आणि पहिला दिवस त्यांच्या शेतात घाला, सुट्टी टाकावी लागली तरी.

आणि त्या २२ जणांत बाया किती हो? आवण, म्हणजे राबातली रोपं, त्या काढतात, लावतातही त्याच, दोरी त्यांना पटली नाही तर दुपारनंतर ती बांधावर पडलेली दिसेल.

ग्रुप राहू दे. पोंगा (रोपाचा मधला कोंब) सुकलेला दिसला, खोडकिडा वाटला, की फोटो आणि कोणाचं खाचर ते टाकायचं. गुड मॉर्निंग टाकेल त्याच्याकडे पुढच्या रविवारचा चहा.