सिंथेटिक की मिनरल? आधी मॅन्युअल उघड

इंजिन ऑइल दोन प्रकारचं: मिनरल म्हणजे कच्च्या तेलातून गाळून काढलेलं, सिंथेटिक म्हणजे रासायनिक प्रक्रियेने घडवलेलं. डबा विकत घेण्याआधी गाडीचं मॅन्युअल काढ. त्यात ग्रेड दिलेली असते, समजा ५डब्ल्यू-३०. यातला ५डब्ल्यू म्हणजे थंडीत ऑइल किती सहज वाहतं, आणि ३० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती. हीच ग्रेड मिनरलमध्येही मिळू शकते, त्यामुळे ‘सिंथेटिक पातळ असतं’ हे ऐकीव ज्ञान सोडून दे.

फरक पडतो तो तापल्यावर. टर्बोचं (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राचं) बेअरिंग भयंकर तापतं, तिथे मिनरल लवकर जळून काळा थर धरतं. सिंथेटिक जास्त तग धरतं, शिवाय कडाक्याच्या थंडीत सकाळी स्टार्टर मारला की झटकन इंजिनात वर चढतं. म्हणून टर्बो असेल किंवा मॅन्युअलच सिंथेटिक सांगत असेल, तर काटकसर नको. साधं जुनं इंजिन, मिनरल चालेल असं लिहिलेलं, तर वेळेवर बदललेलं मिनरल पुरे. दुप्पट किलोमीटर ओढलेल्या सिंथेटिकपेक्षा मी तेच पसंत करेन.

बाइक असेल तर डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या ऑइलचं जपानी मानांकन) बघ. बहुतेक बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारचं निसरडं ऑइल टाकलंस तर तो घसरू शकतो. मी एकदा हा उद्योग केलाय! ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलेना.

दोन्ही मिसळली तर? अडीनडीला टॉप-अप चालतो. आणि दर पंधरवड्याला डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून पातळी बघत जा, काळ्या रंगाला घाबरू नकोस, डिझेलमध्ये तर ते लगेच काळं होतं.