फिश टँकच्या काचेवर सारखं शेवाळं धरतं, काय करावं?

टँक खिडकीजवळ आहे आणि दिवा रात्रीपर्यंत सुरू असतो, असं तुम्ही लिहिलंय. मूळ बहुतेक तिथेच आहे. आधी रंग बघा. नव्या टँकमधला, बोटाने सहज पुसला जाणारा तपकिरी थर म्हणजे डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळं. तो काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. काचेवरचे हिरवे ठिपके जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. निळसर-हिरवा, बुळबुळीत, कुबट वासाचा पापुद्रा मात्र सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंचा. तो पाइपने ओढूनच काढा. दिवा 6-7 तास पुरे, खाणंही कमी टाका. आठवड्याला पाव पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन काढून. नागपूरच्या मे महिन्यात टँक कूलरच्या खोलीत हलवा, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. आणि कृपया तांबं असलेलं शेवाळनाशक ओतू नका, त्याने गोगलगायी आणि झिंगे मरतात.