फॉर्म १६ चुकलाय? वाट बघू नका, आधी रिटर्न भरा (एनपीएसचे जादा ५०,०००)

तुमची पोस्ट वाचली आणि २०२४ चा जुलै महिना जसाच्या तसा डोळ्यांसमोर आला. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कंटाळा आला तर सोडून द्या.

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. जुनी रिजीम (वजावटी मिळणारी जुनी कररचना) घेतलीय. पीएफमुळे ८०सी (गुंतवणुकीवरची वजावट) चे दीड लाख आधीच भरलेत. म्हणून एनपीएसच्या (राष्ट्रीय पेन्शन योजना) टियर १ मध्ये, म्हणजे मुख्य पेन्शन खात्यात, स्वतः वेगळे ५०,००० टाकले, पावती जानेवारीत ऑफिसला अपलोड केली. आता फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) आला तर ते पन्नास हजार ८०सी मध्येच ढकललेले, म्हणजे फायदा शून्य. पेरोलवाले म्हणतात, 'रिव्हाइज्ड फॉर्म १६ देतो, तोवर रिटर्न भरू नका.' आणि तुम्ही विचारताय, थांबू का?

अजिबात थांबू नका. आहे त्या फॉर्म १६ वर, मुदतीच्या आत, जुनी रिजीम निवडून रिटर्न भरून टाका आणि त्यात ८०सीसीडी(१बी), म्हणजे एनपीएसच्या जादा वजावटीचे ५०,००० स्वतःच्या हाताने घाला.

(मी सीए नाही. हिंजवडीतला साधा नोकरदार आहे, जे सोसलं ते सांगतोय. तुमच्या केसमध्ये शेअर्सचा नफा, परदेशी उत्पन्न असलं काही असेल तर सीएला दाखवा. पुण्यात गल्लोगल्ली आहेत.)

एनपीएस म्हणजे काय, खातं कसं काढायचं, प्रान (एनपीएसचा खाते क्रमांक) कुठे मिळतो हे सोडतो, ते सगळ्यांना माहीत असतं. फॉर्म १६ ची पार्ट बी मात्र एकदा उघडून नीट बघा. त्यात वजावटींची उतरंड असते: आधी ८०सी, मग ८०सीसीसी (पेन्शन पॉलिसी), मग ८०सीसीडी(१) (तुम्ही स्वतः भरलेलं एनपीएस), खाली या तिघांची बेरीज. ही बेरीज दीड लाखाच्या वर जात नाही. त्याच्या खालची ओळ ८०सीसीडी(१बी), ही वेगळी, वरच्या दीड लाखाशी तिचा संबंध नाही, मर्यादा ५०,०००. २०१५ च्या बजेटमध्ये ही जादाची सोय आली. तिच्या खाली ८०सीसीडी(२), म्हणजे कंपनी तुमच्या नावाने भरते ते. तुमच्या फॉर्ममध्ये १बी च्या समोर ०.०० असणार आणि वरच्या तिघांच्या बेरजेत 'ग्रॉस अमाउंट' दोन लाख, 'डिडक्टिबल अमाउंट' दीड लाख. बरोबर ना? माझ्या फॉर्ममध्ये हुबेहूब हेच होतं. एनपीएसची पावती दिसली की ती आधी (१) मध्येच टाकायची असा पेरोलवाल्यांचा ठाम समज असतो. कायद्यात तसं काही नाही. एकच रक्कम दोन्हीकडे दाखवता येत नाही एवढंच बंधन आहे. पूर्ण ५०,००० थेट १बी मध्ये दाखवायला काहीही हरकत नाही.

आता माझी कथा. आमच्या कंपनीचं पेरोल बाहेरची एक एजन्सी बघते. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण तिथे माणूस भेटतच नाही, तिकीट भेटतं. तिकीट टाकायचं, 'आपला प्रश्न संबंधित टीमकडे पाठवला आहे' असं उत्तर यायचं, आणि थोड्या दिवसांनी तेच तिकीट 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून बंद व्हायचं. काय रिझॉल्व्ह झालं हे त्यांना माहीत नाही, मला माहीत नाही. एचआरकडे गेलो तर एचआर म्हणणार, 'सर, ते व्हेंडरकडे आहे.' शेवटी एकदाचं लेखी उत्तर आलं: दुरुस्ती प्रक्रियेत आहे, रिव्हाइज्ड फॉर्म १६ येईपर्यंत रिटर्न भरू नये, अन्यथा मिसमॅचची नोटीस येऊ शकते.

हे वाक्य सगळ्यात महाग पडलं. 'नोटीस' म्हटलं की मध्यमवर्गीय माणसाची छाती धडधडते, हे या लोकांना बरोब्बर माहीत असतं. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मुदत वाढल्याच्या अफवा होत्या. वाढली नाही. ३१ जुलै २०२४ गेली. फॉर्म १६ आला सप्टेंबरात, गणपती उठल्यावर. आणि त्यात बदललं काय होतं? तारीख. १बी च्या समोर तेच ०.००.

बरं, उशीर म्हणजे काय, पाच हजार लेट फी भरू आणि मोकळे होऊ, असं पूर्वी चालायचं. आता चालत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट एजन्सीला ठाऊक नव्हती किंवा त्यांना पर्वा नव्हती. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी रिजीम डिफॉल्ट झाली. जुनी हवी असेल तर ती मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडता येते. मुदत उलटली की उशिरा भरलेलं रिटर्न नव्या रिजीममध्येच जातं. तुम्ही वर्षभर ऑफिसला 'जुनी रिजीम' सांगितली असली, टीडीएस (पगारातून कापायचा कर) त्याच हिशोबाने कापला असला, तरीही. आणि नव्या रिजीममध्ये ८०सी नाही, ८०डी (मेडिक्लेम) नाही, १बी नाही, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज नाही. आपण वर्षाला २,५०० रुपये प्रोफेशनल टॅक्स भरतो ना, त्याचीसुद्धा वजावट नाही.

आकडे देतो, म्हणजे गांभीर्य कळेल. गोळाबेरीज करून लिहितोय, पण प्रमाण हेच. पगार १६ लाख. स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, प्रोफेशनल टॅक्स २,५००, धायरीच्या फ्लॅटचं व्याज २ लाख, ८०सी दीड लाख, माझा आणि आईवडिलांचा मिळून मेडिक्लेम ७५,०००. एवढ्यावर कंपनीने सेससकट १,५५,२२० टीडीएस कापला होता. १बी चे ५०,००० मिळाले असते तर कर १,३९,६२० झाला असता, म्हणजे १५,६०० रिफंड. नव्या रिजीममध्ये त्या वर्षीच्या स्लॅबने कर आला १,७१,६००. म्हणजे १५,६०० परत मिळायचे ते राहिले बाजूला, उलट १६,३८० खिशातून भरले. वर ५,००० लेट फी आणि व्याज. सदतीस हजारांचा फटका, कारण काय तर एका एजन्सीला एका ओळीतला आकडा खालच्या ओळीत घ्यायचा नव्हता.

एजन्सीला हे कळवलं तेव्हा उत्तर काय आलं असेल? 'कर सल्ल्यासाठी कृपया आपल्या कर सल्लागाराशी संपर्क साधावा.' भरू नका म्हणून सांगताना मात्र तुम्हीच सल्लागार होतात की! असो. रक्तदाब वाढतो.

मुळात त्या रिव्हाइज्ड फॉर्म १६ ची गरजच काय होती, हे नंतर सीएने समजावलं. फॉर्म १६ दुरुस्त करायचा तर कंपनीला मार्च तिमाहीचं टीडीएस रिटर्न, म्हणजे २४क्यू, त्याचं करेक्शन भरावं लागतं, मग ट्रेसेसवरून (टीडीएसचं सरकारी पोर्टल) फॉर्म परत काढायचा. एवढी यातायात एका कर्मचाऱ्यासाठी कोण लवकर करतो? आणि केली तरी कापलेला टीडीएस तुमच्या हातात परत येत नाही, तो सरकारजमा झालेला असतो. रिफंड मिळतो तो तुमच्या रिटर्नमधूनच. म्हणजे फॉर्म १६ सुधारला काय, न सुधारला काय, तुमचा रस्ता एकच. ऑफिसला पावती द्यायची राहून गेली तरी वजावट बुडत नाही, पैसे त्या आर्थिक वर्षात भरलेले असले की झालं.

'मिसमॅच'बद्दल. रिटर्नमधला आकडा फॉर्म १६ पेक्षा वेगळा असू शकतो, त्यात बेकायदेशीर काही नाही. हल्ली खोट्या वजावटी दाखवणारे पकडायला खात्याकडून मेल येतात, रिफंड कधी अडकतो, हे खरंय. पण खरा पुरावा जवळ असेल तर उत्तर द्यायचं आणि गप्प बसायचं. पुढच्या वर्षी त्याच एजन्सीने परत तोच घोळ घातला (आश्चर्य नाही). मी युटिलिटी (रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर) आल्या आल्या रिटर्न भरलं, १बी स्वतः टाकलं, रिफंड जमा झाला. कुणी काही विचारलं नाही. तुम्हालाही विचारणार नाहीत अशी हमी मी देत नाही, पण विचारलं तर घाबरायचं कारण नाही. आणि हो, यासाठी स्वारगेटच्या पीएमटी बिल्डिंगमधल्या आयकर ऑफिसात चक्कर मारायला जाऊ नका. प्रोसेसिंग बंगळुरूच्या सीपीसीत (खात्याच्या केंद्रात) होतं, इथला कारकून काही करू शकत नाही.

पुरावा म्हणजे काय, तर बँकेचा डेबिट मेसेज नव्हे. सीआरएच्या (एनपीएसच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या) साइटवर लॉगिन करून (प्रोटिअन, केफिनटेक, कॅम्स, ज्यांच्याकडे तुमचं खातं असेल त्यांच्या) त्या आर्थिक वर्षाचं ट्रान्झॅक्शन स्टेटमेंट काढा. त्यात तीन गोष्टी बघा. रक्कम टियर १ मध्ये आहे का. टियर २ ला (ऐच्छिक खातं) आपल्यासारख्या खासगी नोकरदारांना १बी लागू नाही. जमा झाल्याची तारीख ३१ मार्चच्या आतली आहे का. बँकेच्या शाखेत मार्चअखेर चेक देणाऱ्यांचे पैसे एप्रिलमध्ये चढलेले पाहिलेत, म्हणून माझं मत, जे काय टाकायचं ते फेब्रुवारीत ऑनलाइन टाकून मोकळं व्हावं. आणि प्रान नंबर, तो रिटर्नमध्ये १बी च्या जागी भरावा लागतो, तिथे एक आकडा चुकला तर परत डोकेदुखी.

भरल्यावर ई-व्हेरिफाय त्याच बैठकीत करा, आधार ओटीपीने दोन मिनिटांचं काम आहे. तीस दिवसांत केलं नाही तर ज्या दिवशी व्हेरिफाय कराल तीच तुमची भरण्याची तारीख धरली जाते. ती मुदतीनंतरची निघाली की परत त्याच खड्ड्यात. मुदतीत भरलेलं असलं की पुढे काही सापडल्यास सुधारित रिटर्न भरता येतं. माझ्या वर्षी त्याला ३१ डिसेंबरपर्यंत वेळ होता, यंदाची तारीख पोर्टलवर बघून घ्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, पण तुमचं उत्पन्न २०२५-२६ चं आहे, त्यामुळे या रिटर्नला १९६१ च्या कायद्याचीच कलमं. यूट्यूबवर नवे कलम क्रमांक ऐकून गोंधळू नका.

आता न विचारलेला सल्ला. पुढच्या वर्षी जुन्या रिजीममध्ये राहायचं का हे एकदा कागदावर मांडा. नव्यात स्टँडर्ड डिडक्शन धरून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच नाही. गृहकर्जाचं व्याज किंवा दणदणीत एचआरए (घरभाडे भत्ता) नसेल तर नुसत्या पन्नास हजारांसाठी जुनीला चिकटून राहण्यात अर्थ नाही, असं माझं मत. (एचआरएचंही बघा. भाडं बाणेर-बालेवाडीत मुंबईच्या बरोबरीचं, पण माझ्या त्या वर्षी सूट मोजताना पुण्याला ४० टक्केच धरायचे, मुंबईला ५०.) त्यापेक्षा एचआरला विचारा की ८०सीसीडी(२) देतात का. कंपनीने सीटीसीमधूनच (तुमच्या एकूण पॅकेजमधून) एनपीएसमध्ये भरायचं, नव्या रिजीममध्ये २०२४-२५ पासून बेसिक आणि डीएच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट. बेसिक महिना ६०,००० असेल तर वर्षाचे १,००,८००, म्हणजे १बी च्या दुप्पट, आणि पावती अपलोड करायची भानगड नाही. हातात येणारा पगार कमी होतो आणि पैसे बरीच वर्षं जवळपास अडकतात, हे मात्र डोळे उघडे ठेवून. पोरांच्या शिक्षणाचे पैसे कृपया यात टाकू नका.

शेवटी तुम्ही मिसेसच्या घरगुती क्लासेसबद्दल आणि त्यांच्या एनपीएसबद्दल विचारलंय. त्यांचं उत्पन्न व्यवसायाचं धरलं जाईल, त्यामुळे जुनी रिजीम हवी असल्यास रिटर्नमध्ये नुसती टिक करून भागत नाही, त्यांच्या मुदतीच्या आत १०-आयईए फॉर्म वेगळा भरावा लागतो. आणि एकदा जुनीत जाऊन नव्यात परत आलं की व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा जुनी मिळत नाही. पण क्लासचं उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर नव्यात तसाही कर शून्य आहे. त्यांचं एनपीएस चालू ठेवा हवं तर, वर्षाला निदान १,००० तरी टाकत जा, नाहीतर खातं गोठतं. फक्त त्यावर कर वाचवायला म्हणून १०-आयईएच्या नादी लागू नका.